गोल्फमध्ये ॲड्रेस घेतला (फटक्यासाठी चेंडूमागे क्लब लावून उभं राहिलं) की हात जड होतात आणि बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे-वर नेणं, हिसक्याने निघतो. सुरुवात सहज कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की चेंडूमागे क्लब (गोल्फची काठी) टेकवला की हात जड होतात, डोक्यात सूचनांची गर्दी होते आणि मग क्लब एकदम हिसक्याने उचलला जातो. सोलापुरात शिकवणारं कुणी सापडलं नाही म्हणून इथे विचारताय. मीही सोलापूरचाच. सराव घराच्या गच्चीवर जाळी बांधून करतो, खेळायला जमेल तसं पुण्याला जातो. उजव्या हाताने खेळता असं धरून लिहितो.

माझ्या मते गडबड बॅकस्विंगच्या आधीच होते, क्लब टेकवून तुम्ही पूर्ण थांबता त्या क्षणी. आपल्याकडचे बहुतेक जण क्रिकेट खेळून इकडे आलेले. तिथे सुरुवात बोलर करून देतो आणि तरीही बॅट्समन चेंडू सुटायच्या आधी पाय किंचित मागे-आत नेतो. गोल्फमध्ये चेंडू जागेवरच असतो, तुम्हाला कुणीच हलवत नाही. तेव्हा ती छोटी हालचाल आपणच ठरवून ठेवायची आणि तिच्यातूनच बॅकस्विंग सुरू करायचा.

पहिला उपाय वॅगल. मनगटं सैल ठेवून क्लबहेड (क्लबचं खालचं, चेंडूला लागणारं टोक) चेंडूमागे थोडं मागे-पुढे न्यायचं, पण उगाच चाळा म्हणून नाही. क्लब ज्या वाटेने आणि ज्या वेगाने मागे जायला हवा, त्याच वाटेने, त्याच वेगाने. नामवंत गोल्फपटू बेन होगनचा वॅगलवर फार भर होता, आणि छोट्या फटक्याचा वॅगल सावकाश, लांब फटक्याचा जरा जोरकस असावा असं तो सांगे. दोनदा वॅगल करा, क्लब चेंडूमागे आणा आणि लगेच निघा. शेवटच्या वॅगलनंतर परत थांबलात तर सगळं वाया गेलं. इथेच बहुतेकांचं चुकतं.

दुसरा उपाय क्लब जमिनीवर टेकवायचाच नाही, गवताच्या जरा वर धरायचा. दिग्गज गोल्फपटू जॅक निकलॉस असंच करायचा. क्लबचं वजन हातांत जाणवत राहतं, त्यामुळे ग्रिप (हातांची पकड) आपोआप बेताची राहते आणि मागे नेताना क्लब गवतात अडकत नाही. उंच गवतात याचा आणखी एक फायदा आहे: क्लब दाबून टेकवताना चेंडू हलला तर एका फटक्याचा दंड बसतो. बंकरमध्ये, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यात, तर चेंडूच्या लगेच मागची वाळू क्लबने शिवायला नियमच मनाई करतो, आणि बॅकस्विंगमध्येही वाळूला स्पर्श चालत नाही. म्हणजे ही सवय तुम्हाला तिथे लागणारच आहे, मग सगळीकडेच का लावू नये? मला स्वतःला हाच उपाय सगळ्यांत जास्त मानवला.

काहींना शरीराचा दुसराच भाग हलवलेला बरा पडतो. निकलॉसच्याच काळातला गोल्फपटू गॅरी प्लेयर उजवा गुडघा किंचित आत, लक्ष्याच्या दिशेने दाबायचा आणि त्या धक्क्यातून मागे जायचा. निकलॉस निघण्याआधी हनुवटी उजवीकडे वळवायचा, त्याने डाव्या खांद्याला वळायला जागा मिळते. हात लक्ष्याकडे दोनेक सेंटीमीटर ढकलून तिथून मागे निघण्याचीही पद्धत आहे. ती पटरला (चेंडू जमिनीवरून भोकाकडे ढकलायच्या क्लबला) छान जमते. ड्रायव्हरला (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबला) मात्र मी सुचवणार नाही, कारण हात पुढे गेले की क्लबचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, उघडायची (लक्ष्याच्या उजवीकडे वळायची) शक्यता वाढते. यातलं एकच काही निवडा. तिन्ही एकत्र करू गेलात तर परत सूचनांची गर्दी होईल.

आता बॅकस्विंगचे पहिले तीसेक सेंटीमीटर. क्रिकेटची सवय इथे आड येते, कारण बॅकलिफ्टसारखं मनगटांनी क्लब उचलण्याकडे हात धावतात. क्लबहेड जमिनीलगत राहू द्या. हात, दंड आणि खांदे एकत्र मागे जाऊ द्या. होगनच्या मते हात क्षणभर आधी निघतात, मग दंड, मग खांदे. पण नवशिक्याने हा क्रम मनात घोळवत बसू नये, छातीसकट क्लब मागे वळवतोय एवढंच धरावं. आणि सहज म्हणजे संथ नव्हे. चांगल्या खेळाडूंचा बॅकस्विंग साधारण पाऊण सेकंदात होतो, खाली यायला त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच वेळ लागतो. फार हळू मागे नेलात तर वर गेल्यावर घाई होतेच.

सरावासाठी मैदान लागत नाही. क्लबहेडच्या लगेच मागे दुसरा चेंडू ठेवा आणि मागे जाताना त्याला सरळ, हळुवार ढकला. क्लब उचलला गेला तर तो चेंडू जागचा हलणार नाही, हिसका बसला तर वेडावाकडा उडेल. दुसरा सराव चेंडूशिवायचा: क्लब चेंडूच्या जागेपासून लक्ष्याकडे अर्धा मीटर पुढे धरा, तिथून झुलवत चेंडूच्या जागेवरून मागे न्या आणि न थांबता पूर्ण स्विंग करा. तुमच्या अंगाला चालत्या हालचालीतून निघणं कसं वाटतं ते यात लगेच कळतं. मोकळ्या प्लॉटवर करणार असाल तर उन्हाळ्यात खाली चटई घ्या. आपली काळी माती वाळून भेगाळली की दगडासारखी होते, मनगट दुखावेल.

उन्हाळ्याचाच आणखी एक त्रास घामाचा. पारा चाळिशीपुढे गेला की तळवे ओले होतात, क्लब निसटेल या भीतीने माणूस ग्रिप आवळतो आणि आवळलेले हात हिसका देतातच. बॅगेला टॉवेल अडकवून ठेवा, प्रत्येक फटक्याआधी क्लबची मूठ आणि हात दोन्ही पुसा. शक्यतो सकाळी सातच्या आत आटपा.

मोबाईल कमरेच्या उंचीवर, लक्ष्याच्या रेषेवर, लक्ष्याच्या विरुद्ध बाजूला ठेवून व्हिडिओ काढा. क्लब जमिनीला समांतर येतो तिथे थांबवून बघा. क्लबहेड हातांच्या आत, तुमच्या पाठीमागे गेलेलं दिसलं, तर मनगटं अजून घाई करताहेत. मग महिनाभर फक्त सात नंबरचं आयर्न (मध्यम अंतराचा, धातूच्या पात्याचा क्लब) घ्या, अर्धा स्विंग करा आणि ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या.