बीएस ६ डिझेल गाडीत १५डब्ल्यू-४० ऑइल चालेल का? घोडबंदर रोडचा मेकॅनिक म्हणतो चालेल.

नका घालू. गाडी एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा, कडक नियम) असेल, तर सायलेन्सरच्या लाइनमध्ये बहुतेक डीपीएफ असतो. हा काजळी अडवणारा फिल्टर. काजळी तो जाळून टाकतो, पण ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हची राख जळत नाही, ती आत साचत जाते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचा दर्जा) सी२ किंवा सी३ असं काहीतरी लिहिलेलं असतं. नेमकं कोणतं, ते मॅन्युअलमध्ये बघा. १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० हा फक्त पातळ-घट्टपणाचा आकडा. तो जुळला म्हणजे ऑइल जुळलं असं नाही, आणि दुकानदार नेमका तेवढाच बघून डबा काढून देतो.

ठाण्यात आणखी एक भानगड. कासारवडवली ते माजिवडा रोज रांगत गेलात तर फिल्टरची सफाई अर्धवट राहते. त्यासाठी मारलेलं जादा डिझेल काही गाड्यांत ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल बदला. माझ्या गाडीत हेच झालं होतं आणि गॅरेजवाला म्हणाला, "वा, ऑइल खातच नाही!" आता महिन्यातून एकदा नाशिक हायवेला अर्धा तास सलग पळवतो.

बीएस ४, डीपीएफ नसलेली जुनी गाडी असेल आणि मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० असेल, तर मेकॅनिक बरोबर आहे. कडक थंडीत पातळ राहणारं ५डब्ल्यू कशाला, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो!