‘नाव मोठं, स्टेडियम मोठं’ म्हणून अमेरिकेतल्या विद्यापीठाची एवढी फी भरावी का?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून मुलाला बी.एस.साठी पाठवायचंय, एका मोठ्या सरकारी विद्यापीठाचं पत्र आलंय, वर्षाचा खर्च 55,000 डॉलर दाखवलाय आणि त्यात 8,000 ची स्कॉलरशिप दिलीय. फी एवढी कशाची, आणि फुटबॉलमुळे नाव आहे म्हणून ती भरावी का? शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘स्टेडियमचा व्हिडिओ बघून मुलगा हरखून गेलाय.’ त्या वाक्यासाठी मी लिहायला बसले.

2018 च्या एप्रिलमध्ये माझी लेक अशीच हरखली होती. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. दक्षिणेकडच्या, अमेरिकन फुटबॉलचं वेड असलेल्या एका विद्यापीठाने तिला प्रवेश दिला होता. नाव लिहीत नाही. प्रवेश मिळालेल्या मुलांना पालकांसकट बोलावतात, त्या दिवसासाठी आम्ही तिघं अकरा तास गाडी चालवत गेलो. कॅम्पस टूर दीड तासाची होती, त्यातली चाळीस मिनिटं स्टेडियममध्ये गेली. खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानात उतरतात, त्यातून मुलांना पळत नेलं आणि वर स्पीकरवर गर्दीचा आरडाओरडा लावला. बाहेर आली तेव्हा लेकीच्या अंगावर काटा आला होता. मग जिम, चढायची भिंत, तलाव. तिला घ्यायचं होतं केमिस्ट्री. ती प्रयोगशाळा काचेबाहेरून दाखवली. टूर देणाऱ्या मुलाला मी विचारलं, पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीच्या वर्गात किती मुलं असतात, शिकवतं कोण? त्याला माहीत नव्हतं. कोचने कुठल्या वर्षी किती सामने जिंकले, ते तोंडपाठ होतं. पोराचा दोष नाही, त्याला तेवढंच पढवलेलं.

दुपारी जेवायला आमच्या टेबलावर चार कुटुंबं होती. बोलता बोलता कळलं की चौघांच्याही मुलांना तीच स्कॉलरशिप, तेच भारदस्त नाव, तोच 9,000 चा आकडा. आमच्या सासूबाईंनी ते पत्र देवापुढे ठेवून शेजारीपाजारी पेढे वाटले होते. मी त्या टेबलावर गप्प झाले. आधी किंमत चढवायची आणि मग कापून दाखवायची, हा सेलचा प्रकार होता.

हे एकट्या त्या विद्यापीठाचं नाही. खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना मिळणारी सरासरी सवलत अलीकडे छापील ट्युशनच्या निम्म्याहून जास्त आहे. मग छापील आकडा एवढा कशाला ठेवायचा? महाग ते चांगलं, असं लोकांना वाटतं म्हणून. पेन्सिल्व्हेनियातल्या अर्सिनस कॉलेजने 2000 साली फी एकदम 17.6 टक्क्यांनी वाढवली, आणि पुढच्या वर्षी अर्ज घटायच्या ऐवजी वाढले. सवलतीही त्यांनी सोबतच वाढवल्या होत्या. वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने 2007 मध्ये राहण्याजेवणासकट 50,000 डॉलरची रेघ ओलांडली, त्यामागेही हाच हिशेब होता. भारी दारूच्या नावावरून ह्याला इथे ‘शिवास रीगल इफेक्ट’ म्हणतात.

घरी येऊन मी खर्चाचा अंदाज काढून बसले. मी हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काम करते, ओळ न् ओळ वाचायची सवय आहे. ‘स्टुडंट फीज’ अशी एकच मोठी रक्कम होती. तिची फोड द्या, म्हणून मेल केली. उत्तर आलं ते वेबसाइटच्या लिंकचं. दुसरी केली. तिसऱ्या मेलला आकडे आले, तर निम्म्याहून जास्त रक्कम अॅथलेटिक्स विभागाला जात होती. माझी मुलगी त्यांच्या कुठल्याही संघात नसणार, तरी तिच्या नावावरच्या कर्जातून ते पैसे जाणार, आणि त्यावर आम्ही व्याज भरणार.

लोकांना वाटतं फुटबॉल विद्यापीठाला पोसतं. मोजक्या ठिकाणी पोसतंही. पण 2019 मध्ये अव्वल श्रेणीत साधारण 130 विद्यापीठं फुटबॉल खेळत होती, त्यांतल्या 25 जणांचीच खेळांतली कमाई खर्चापेक्षा जास्त होती. बाकीच्यांची तूट विद्यापीठ भरतं, म्हणजे बरेचदा विद्यार्थी भरतात. व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठात प्रत्येक विद्यार्थ्याच्या फीतले वर्षाला 2,000 डॉलरच्या वर खेळांकडे जात आलेत. खेळांच्या बजेटचा किती हिस्सा मुलांच्या फीतून काढायचा, ह्याला मर्यादा घालणारा कायदा त्या राज्याला 2015 मध्ये करावा लागला. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त पगाराचा सरकारी नोकर फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो. आणि जून 2025 मध्ये कोर्टात तडजोड झाल्यापासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना पैसे मिळाले ह्याचा मला आनंद आहे, इतकी वर्षं त्यांच्या जिवावर सगळे कमावत होते. पण तो पैसा आणणार कुठून? दक्षिण कॅरोलिनातल्या क्लेमसन विद्यापीठाने तर प्रत्येक सेमिस्टरला 150 डॉलरची अॅथलेटिक्स फी लावली.

आता भाऊजींचं सांगते. माझे दीर डॅलसला असतात, प्रत्येक शनिवारी त्यांच्या विद्यापीठाचा शर्ट घालून टीव्हीसमोर. 1 मेच्या आत डिपॉझिट भरायचं होतं, आणि आम्ही ठरवलं की लेक इथल्याच रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात जाईल, घरून येऊन-जाऊन. ते त्यांना अजिबात पटलं नाही. त्या वर्षी गणपतीत, आरती झाल्यावर वीस माणसांसमोर म्हणाले, “वहिनी, तुम्ही पैशाकडे बघितलंत, नावाकडे नाही. एवढी हुशार पोर घराशेजारच्या कॉलेजात घातलीत. सामने जिंकले की नाव होतं, आणि नावावर नोकऱ्या मिळतात.” ह्यांनी मान खाली घातली. लेक मोदकांचं ताट घेऊन तिथेच उभी होती. मी तेव्हा काही बोलले नाही, आणि ते न बोलणं मला अजून टोचतं.

सामन्याने अर्ज वाढतात, हे भाऊजींचं खरं आहे. 1984 च्या नोव्हेंबरात बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने शेवटच्या क्षणी लांब पास टाकून मायामीला हरवलं, आणि पुढच्या दोन वर्षांत कॉलेजकडचे अर्ज सुमारे तीस टक्क्यांनी वाढले. (ते त्याआधीपासूनही वाढतच होते, हे कोणी सांगत नाही.) पण अर्ज वाढले म्हणून शिकवणं सुधारत नाही. जागा तेवढ्याच, अर्ज जास्त, म्हणजे नाकारलेली मुलं जास्त. त्यालाच मग ‘प्रवेश मिळणं किती कठीण’ म्हणतात आणि त्यावर फी चढते.

शिकागो विद्यापीठाने 1939 मध्ये, रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष असताना, मोठं फुटबॉल बंदच करून टाकलं. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला देतात त्या हाइझमन ट्रॉफीचा अगदी पहिला मानकरी, 1935 चा, त्याच विद्यापीठाचा होता. म्हणजे फुटबॉलमध्ये त्यांचं कधीच नाव नव्हतं, असंही नाही. तीस वर्षांनी लहान प्रमाणावर परत सुरू केलं. भाऊजी, शिकागोचं नाव बुडालं का?

आणि नावावर नोकऱ्या? स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर ह्या अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्ये दाखवलं की ज्यांना नामांकित कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पण जी दुसरीकडे गेली, अशी मुलं पुढे सरासरी तेवढंच कमावत होती. कुवत मुलाची होती. माझी लेक 2022 मध्ये केमिस्ट्री घेऊन बाहेर पडली, आज न्यू जर्सीतच एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे, आणि तिच्या डोक्यावर एक डॉलरचं कर्ज नाही.

रटगर्सही काही सोवळं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. 2014 मध्ये ते बिग टेन ह्या मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडा-गटात गेले, 2019 मध्ये कोचशी आठ वर्षांचा 3 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला, आणि खेळांची तूट तिथेही विद्यापीठ आणि मुलं भरतात. फरक एवढाच की इन-स्टेट, म्हणजे त्याच राज्यात राहणाऱ्यांची, फी तेव्हा वर्षाला 15,000 च्या आसपास होती आणि राहणं-जेवण घरी. तुमच्या मुलाला ती सोय नाही. परदेशी विद्यार्थी म्हणून तो राज्याबाहेरच्यांचा, आउट-ऑफ-स्टेट दर भरणार, कुठे कुठे त्याहून जास्त. तुम्ही मात्र त्या दराने कुणाकुणाला पोसताय, ते बघून घ्या.

मी खेळाच्या विरुद्ध आहे असं समजू नका. मी स्वतः शाळेत खो-खो खेळायचे, झोनलपर्यंत गेले होते. मुलगा स्वतः खेळणार असेल तर गोष्ट निराळी. आणि अगदी वरच्या मूठभर नावांचं गणितही वेगळं आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी परदेशी मुलांनाही घरची ऐपत न बघता प्रवेश देतात आणि लागेल तेवढी मदत करतात, तिथे प्रवेश मिळाला तर तुम्हाला ते नाव स्वस्तच पडेल. डेल-क्रूगरच्याच आकड्यांत, ज्यांचे आईवडील फारसे शिकलेले नव्हते त्या मुलांना नावाचा फायदा झालेला दिसतो. भारतात परत येणार असेल तर तिथल्या कंपन्या नाव बघतात, तेही धरा. पण दीडशे नावांपैकी एक असं विद्यापीठ फक्त शनिवारी टीव्हीवर दिसतं म्हणून घेऊ नका.

तुम्ही एवढं करा. फायनान्शियल एड ऑफिसला मेल करून तीन गोष्टी लेखी मागा: 8,000 ची स्कॉलरशिप चारही वर्षं आहे का, ती टिकवायला किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, आणि त्याच्या विषयात प्रवेश मिळालेल्या किती मुलांना ती दिलीय. स्टुडंट फीची फोड वेगळी मागा, पहिल्या उत्तरावर थांबू नका. व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या आय-20 फॉर्मवर एकाच वर्षाचा खर्च छापलेला असतो. त्याला नुसतं चारने गुणू नका, दरवर्षीची फीवाढ धरा, आणि बाकीच्या तीन वर्षांत डॉलर कुठे जाईल तेही.