ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते. घरच्या घरी रोजच्या स्वच्छतेने ते कमी होईल का?

रक्त येते म्हणून त्या बाजूला ब्रश लावणेच आपण सोडून दिले आहे, असे आपल्या प्रश्नात लिहिले आहे. दंतवैद्य म्हणून माझे पहिले सांगणे हेच की ज्या जागेतून रक्त येते, तीच जागा सर्वांत नीट स्वच्छ झाली पाहिजे.

हिरडीच्या कडेला जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, साचत राहिला की हिरडी सुजते, लाल होते आणि जरा धक्का लागला तरी तिच्यातून रक्त येते. दंतसंशोधक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दातांची स्वच्छता पूर्ण थांबवली, तेव्हा १० ते २१ दिवसांत सर्वांच्याच हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर ती सूज साधारण आठवड्याभरात ओसरली. म्हणूनच, सूज हिरडीपुरतीच असेल तर ती घरच्या काळजीने बरी होते, असे मी खात्रीने सांगतो.

ब्रश मऊ केसांचा घ्यावा, तो हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर साधारण ४५ अंशांत तिरका टेकवावा आणि जागच्या जागी हलकेच थरथरवत एकेक दोन-दोन दात पुढे सरकावे. असे दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे करावे. आतल्या बाजूला, विशेषतः खालच्या पुढच्या दातांमागे, बहुतेकांचा ब्रश पोहोचतच नाही. जोर लावून आडवे घासल्याने प्लाक अधिक निघतो असे नाही. उलट हिरडी मागे सरकते. दोन दातांमधल्या फटीत मात्र नेहमीचा ब्रश शिरत नाही, आणि रक्त बहुधा तिथूनच येते. तिथे दिवसातून एकदा फ्लॉस, म्हणजे फटीत फिरवायचा बारीक धागा, किंवा फट मोठी असल्यास इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत जाणारा छोटा ब्रश, वापरावा. सुरुवातीचे काही दिवस रक्त वाढल्यासारखे वाटेल, तरी थांबू नये.

कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरल्यास बरे वाटते, पण प्लाक त्याने निघत नाही. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचे माउथवॉश सल्ल्याशिवाय फार दिवस वापरू नये, कारण त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात.

दोन आठवडे असे नेटाने करूनही रक्त थांबले नाही, दात हलू लागले किंवा हिरडीतून पू आला, तर दंतवैद्याकडे जावे. प्लाक कडक होऊन बनलेला टार्टर घरी ब्रशने निघत नाही, त्यासाठी स्केलिंगच, म्हणजे दंतवैद्याकडून दात खरवडून स्वच्छ करून घेणेच, करावे लागते. धूम्रपान करणाऱ्यांनी रक्त दिसत नाही एवढ्यावर निश्चिंत राहू नये, कारण त्यांच्यात आजार बळावूनही रक्तस्राव कमीच दिसतो. मधुमेह, गर्भावस्था किंवा रक्त पातळ करणारी औषधे यांमुळेही रक्तस्राव वाढतो, तेव्हा तपासणीच्या वेळी हे आवर्जून सांगावे. मात्र अशी औषधे हिरड्यांसाठी स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.