चकलीला चावायचा कंटाळा येईपर्यंत

प्रश्न : ताई, आम्ही सिडनीत राहतो. मुलगा पंधरा वर्षांचा आहे. दोन वर्षं मागे लागून त्याने अखेर कार्पेट पायथनचं (ही अजगराची एक जात) पिल्लू आणलं. रीतसर परवाना काढून, प्रजनकाकडूनच घेतलंय. सात महिन्यांचं आहे, जाडीला करंगळीएवढं. गुंडाळी करून बसतं म्हणून नाव ठेवलंय ‘चकली’. पण डबा उघडला की चकली अंगावर येते. मुलाला आतापर्यंत सहा वेळा चावली. आता तो भट्टीचे जाड हातमोजे घालून तिला उचलतो आणि तिने तोंड मारलं की दचकून परत ठेवतो. कुणी म्हणतं, वर्षभर हात लावू नका, मोठी झाली की आपोआप निवळेल. कुणी म्हणतं, रोज हाताळा. नक्की काय करायचं? ती जातीचीच रागीट आहे का? आणखी एक, सासूबाई नागपंचमीला साताऱ्याहून येणार आहेत. त्यांनी आत्ताच फोनवर विचारलं, ‘तिला दूध कोणत्या वाटीत देता?’
— गांजलेली आई, सिडनी

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझी सुतळी आठवली. दोरीसारखी दिसायची म्हणून ते नाव नव्हतं, सुतळी बॉम्बवरून होतं. हीच जात, हेच वय. ब्रिस्बेनला येऊन मला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि सापांची भीती गेल्याची मला खात्री होती. ती खात्री सुतळीने पहिल्याच आठवड्यात उतरवली.

चकली रागीट नाही, घाबरलेली आहे. तिच्या जागी बसून बघा. एवढ्याशा अजगराला इथे कुकाबरा उचलतो, घोरपड गिळते, आणि झडप बहुतेक वेळा वरून येते. डब्याचं झाकण उघडतं आणि वरून पाच बोटांचा पंजा खाली येतो. तिने काय समजावं? या जातीची पिल्लं तोंड मारण्याबद्दल प्रसिद्धच आहेत. मोठेपणी यातली बरीचशी निवळतात हे खरं, पण वर्षभर हात न लावता वाट बघितलीत तर पुढे तुमच्या हाती मीटरभराचा अनोळखी साप येईल. त्यामुळे मी हाताळण्याच्याच बाजूची आहे.

मुलाचं नेमकं काय चुकतंय ते तुमच्या पत्रातच आहे. तिने तोंड मारलं की तो तिला परत ठेवतो. म्हणजे चकलीने तोंड मारलं आणि संकट टळलं! तिच्या दृष्टीने उपाय लागू पडला. सहा वेळा लागू पडलेला उपाय ती सातव्यांदा का सोडेल? म्हणून उचलल्यावर ती चावली, फुसफुसली, तरी हात स्थिर ठेवायचा. ती सैल पडून जीभ सावकाश आत-बाहेर करायला लागली की मगच ठेवायची, मग भले त्याला दहा मिनिटं लागोत. तिने माणसावर प्रेम करावं ही अपेक्षा नकोच. माणूस म्हणजे एक कंटाळवाणं, कोमट झाड आहे एवढंच तिला पटवायचं.

आधी एक खात्री करून घ्या, ती भीतीने चावते की भुकेने? दोन्हींत फरक आहे. भीतीच्या वेळी मान इंग्रजी एससारखी मागे ओढलेली असते, शेपटीचं टोक थरथरतं, फुसकारा येतो, आणि चावून लगेच सोडते. भुकेची असेल तर आवाज नाही. जीभ चालवत सरळ पुढे येते, पकडते आणि बोटाला वेटोळं घालते. या अजगरांच्या ओठांवर खळग्यांची रांग असते, त्या खळग्यांना उष्णता जाणवते. अंधारात तिला उंदीर आणि तुमचा अंगठा सारखेच. त्यातून डबा फक्त खायला देतानाच उघडला जात असेल तर झाकण म्हणजे पंगतीची घंटाच झाली.

यावर साधी युक्ती आहे. किचन पेपरची रिकामी नळी घ्यायची आणि उचलण्याआधी तिच्या अंगावर मध्यावर हलकेच टेकवायची. नळी टेकली म्हणजे आज जेवण नाही. जेवणाच्या दिवशी नळी नाही, फक्त लांब चिमटा. काही आठवड्यांत नळी लागताच सुतळी डोकं बाजूला वळवायला लागली. मग हात बाजूने, खालून न्यायचा आणि मधलं अंग तळव्यावर घ्यायचं. डोक्याच्या वरून जायचं नाही, मान धरायची नाही. एकदा ठरवलं की अडखळायचं नाही. पुढे-मागे होणाऱ्या हातावरच त्या जास्त तोंड मारतात. उचलण्याआधी साबणाने हात धुवायचे, उंदराचा वास राहता कामा नये. ठेवल्यावरही धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

हातमोज्यांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पहिले आठ-दहा दिवस असू देत, पण भट्टीचे नकोत. त्यांतून साप किती दाबला जातोय ते कळत नाही. बागकामाचे पातळ चालतील. या वयाच्या अजगराचं चावणं म्हणजे कोरांटीचा काटा. विष नाही, चार लाल ठिपके, साबणाने धुवायचं, झालं. फक्त धरून ठेवलं तर ओढायचं नाही. दात आतल्या बाजूला वळलेले असतात. आपली कातडी फाटते आणि तिचे दात तुटतात. थांबलं की बहुतेकदा स्वतःच सोडते.

वेळापत्रक म्हणाल तर आठवड्यातून तीन-चार दिवस, सुरुवातीला पाच मिनिटं, मग पंधरापर्यंत. रोजचा अट्टहास नको. खाल्ल्यावर दोन दिवस अजिबात हात लावायचा नाही. हे मी स्वतः किंमत मोजून शिकले. सुतळीने शनिवारी रात्री खाल्लं आणि रविवारी सकाळी पाहुणे आले म्हणून मी कौतुकाने तिला बाहेर काढलं. तिने अर्धवट पचलेला उंदीर माझ्या मांडीवर, नारायणपेठीवर, परत केला. साडी धुतली, पण तो वास जाईना, शेवटी टाकली. साडीचं जाऊ द्या, उलटी झाली की पिल्लाचा अशक्तपणा भरून यायला बरेच दिवस लागतात. डोळे धुरकट निळे झाले की कात यायची असते. तेव्हा तिला नीट दिसत नाही, ते दिवसही सोडून द्या.

डबाही बघून घ्या. ऊबदार टोकाला 32 अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला 25च्या जवळपास, आणि दोन्ही टोकांना अंग चिकटून बसेल एवढी लहानशी लपायची जागा. लपायला जागा नसलेला साप हाताळून माणसाळत नाही. मोठं काचेचं घर सध्या नको. पिल्लांना मोठ्या घरात उघड्यावर पडल्यासारखं होतं.

मी कालनिर्णयवर नोंद ठेवायचे. चावली की फुली. पहिल्या महिन्यात अकरा फुल्या, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात सात (कात आली होती आणि माझा धीरही सुटला होता), चौथ्यात एक. आकडा खाली येताना मध्येच वर जातो, तेव्हा मुलाला चिडवू नका. आता सुतळी दोन मीटरच्या पुढे आहे आणि मी वाचत असले की खुर्चीच्या पाठीवर पसरते. नळी मात्र अजून टेकवते.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे वाचून बाजारात जाऊ नये. आपला भारतीय अजगर 1972च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची 1मध्ये आहे, तो पाळणं गुन्हा आहे. सायटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी जातींनाही 2022च्या दुरुस्तीनंतर नोंदणी लागते. शेतात दिसला तर वनखात्याला किंवा सर्पमित्राला फोन करा.

राहता राहिलं दूध. साप दूध पीत नाही, त्याला ते पचत नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते पितो, त्याला आपण नैवेद्य स्वीकारला म्हणतो. चकलीला पाण्याची वाटी पुरे. त्यातून श्रावण म्हणजे तुमच्याकडे कडाक्याचा हिवाळा. तेव्हा ती काही आठवडे खायचीच बंद झाली तरी वजन टिकून असेल तर घाबरू नका, फक्त ऊबदार टोक थंड पडू देऊ नका. सासूबाईंना पाटावर गंधाने नाग काढून पूजा करू द्या. लाह्या पाटापुढे ठेवू द्या, डब्यात नको. दुधाचा चहा करा. दर्शन हवंच असेल तर मुलाने चकलीला हातावर घेऊन दोन हात लांब बसावं, आणि त्याआधी दोन दिवस तिला काही खायला दिलेलं नसावं. साताऱ्याहून येताना सासूबाई चांगली साडी आणतील.