वाचकांचे प्रश्न : २०२३ सालचे भूकंप

२०२३ हे भूकंपांच्या दृष्टीने वाईट वर्ष होतं. फेब्रुवारीत तुर्कस्तान-सीरिया, सप्टेंबरात मोरोक्को, ऑक्टोबरात अफगाणिस्तानातलं हेरात, नोव्हेंबरात नेपाळचा जाजरकोट, डिसेंबरात चीनचा गान्सू प्रांत. त्याच वर्षी किल्लारीलाही तीस वर्षं झाली. त्या वर्षाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतले आहेत.

२०२३ मध्ये नेहमीपेक्षा जास्त भूकंप झाले का? (नाशिक)

फारसे नाहीत. ७ आणि त्याहून मोठे भूकंप जगात वर्षाला सरासरी पंधरा-सोळा होतात. २०२३ चा आकडा त्याहून थोडासा जास्त होता, पण ८ च्या पुढे एकही गेला नाही. त्यातले बरेचसे समुद्राखाली किंवा विरळ वस्तीच्या भागात झाले, म्हणून ते कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. १९ मे रोजी न्यू कॅलेडोनियाच्या पूर्वेला लॉयल्टी बेटांजवळ ७.७ चा, तर १६ जुलैला अलास्काच्या किनाऱ्याजवळ ७.२ चा भूकंप झाला. दोन्हींत कुणी दगावलं नाही. ८ सप्टेंबरच्या रात्री ११ वाजून ११ मिनिटांनी मोरोक्कोच्या हाय अॅटलस डोंगरांत झालेला भूकंप मात्र ६.८ चाच होता आणि त्यात २,९०० हून अधिक माणसं गेली. वर्ष लक्षात राहिलं ते भूकंप वाढले म्हणून नव्हे, तर ते कमकुवत घरांच्या खाली झाले म्हणून.

जाजरकोटचा भूकंप एका बातमीत ६.४ चा, दुसऱ्या बातमीत ५.७ चा. खरा आकडा कोणता? (सांगली)

दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मोजण्याच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. ३ नोव्हेंबरच्या रात्रीचा ६.४ हा आकडा नेपाळच्या भूकंपमापन केंद्राने दिला. ती स्थानिक पट्टी आहे. जवळच्या यंत्रांवर लाटांची उंची किती आली, यावरून ती ठरते. ५.७ हा आकडा अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा. खडकाचा किती मोठा पृष्ठभाग सरकला, किती सरकला आणि खडक किती कडक होता, यांचा गुणाकार करून तो काढतात. भूकंप जुन्या भूकंपांशी ताडून पाहायचा असेल तर हा दुसरा आकडा घ्यावा. दोन देशांच्या बातम्या शेजारी ठेवताना पट्टी कोणती ते आधी पाहावं.

मराठी बातम्यांमध्ये दोन वेगळ्या गोष्टींना 'तीव्रता' म्हणतात, तोही घोळ आहेच. उगमापाशी किती ऊर्जा सुटली ते सांगते ती महत्ता. ती भूकंपागणिक एकच असते. तुमच्या अंगणात जमीन किती हलली ती तीव्रता. ती गावागणिक बदलते. महत्ता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पटीने वाढते. तुर्कस्तानचा पहिला भूकंप ७.८ चा, दुसरा ७.५ चा. फरक ०.३ चाच दिसतो, पण ऊर्जा जवळजवळ तिप्पट.

२१ मार्चला हिंदुकुशातला ६.५ चा भूकंप दिल्लीपर्यंत जाणवला. तरी बळी इतके कमी कसे? (ठाणे)

कारण तो सुमारे १९० किलोमीटर खोल होता. बरोबर त्याच्या डोक्यावर असलेलं गावसुद्धा उगमापासून १९० किलोमीटर लांब होतं. खोल भूकंपाच्या लाटा विस्तीर्ण प्रदेशात पसरतात, पण कुठेच फार जोरात धडकत नाहीत. हजारेक किलोमीटरवरच्या दिल्लीत उंच इमारतींतले लोक खाली धावले ते यामुळेच. हेरातचे धक्के ६.३ चे, म्हणजे त्याहून लहान, पण जमिनीखाली अगदी कमी खोलीवर, म्हणूनच ते जास्त घातक ठरले.

तुर्कस्तानात नव्या दिसणाऱ्या इमारतीही पत्त्यांसारख्या कोसळल्या. आमची पाच मजली सोसायटी १९९८ ची आहे, खाली पार्किंग, वर घरं. काय तपासून घ्यावं? (पुणे)

आधी तिथे काय घडलं ते पाहू. ६ फेब्रुवारीला पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी पहिला धक्का बसला. पूर्व अॅनाटोलियन भ्रंश, म्हणजे खडकातली लांबलचक भेग, तीनशेहून अधिक किलोमीटर फाटत गेला. दुपारी १ वाजून २४ मिनिटांनी दुसरा धक्का आला, उत्तरेला सुमारे ९५ किलोमीटरवर. सकाळी तडकलेल्या इमारती दुपारी बसल्या. एकट्या तुर्कस्तानात ५३ हजारांहून अधिक माणसं मेली. अंताक्यासारख्या ठिकाणी जमीन मऊ गाळाची होती आणि हादरे इमारतीच्या हिशेबात धरलेल्यापेक्षाही मोठे होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण कोसळलेल्या इमारतींत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या. तळमजल्यावर दुकानांसाठी भिंती काढलेल्या, कॉलममधल्या रिंगा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या कड्या) लांब लांब, जुन्या बांधकामात गुळगुळीत सळया, काँक्रीट कच्चं. त्यात २०१८ साली सरकारने पैसे भरून बेकायदा बांधकामं नियमित करून घेण्याची सवलत दिली होती. अशाने कागद नियमित होतो, कॉलम होत नाही.

तुमच्या इमारतीची मुख्य शंका म्हणजे पार्किंगचा मजला. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती आहेत, त्यामुळे ते कडक असतात. खाली नुसते कॉलम. हादरा बसला की सगळी हालचाल त्या एका मजल्यात एकवटते. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी काँक्रीट फुटतं आणि वरची अख्खी पेटी खाली बसते. त्या काळी कॉलम भिंतीत लपावा म्हणून त्याची एक बाजू ९ इंच, म्हणजे २३० मिलिमीटर ठेवायची पद्धत होती. आयएस १३९२० या भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत ती निदान ३०० मिलिमीटर हवी. कॉलमच्या दोन्ही टोकांशी रिंगांमधलं अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, कॉलमच्या लहान बाजूच्या पाव भागापेक्षा किंवा उभ्या सळईच्या जाडीच्या सहापटीपेक्षाही नको. या तिन्हींत जे कमी भरेल ते धरायचं. रिंगेचा हूक १३५ अंशांत आत वळलेला हवा. साइटवर तो काटकोनात वाकवून सोडतात, कारण तसं पटकन होतं. वरचं आवरण फुटलं की काटकोनाचा हूक उलगडतो, रिंग सुटते आणि सळया बाहेर फुगतात. दुसरी नेहमीची चूक बीम-कॉलमच्या जोडात होते. तिथे सळयांची गर्दी असते, म्हणून फिटर तिथल्या रिंगा घालतच नाहीत. सगळ्यात जास्त गरज असते ती तिथेच.

तपासणीची सुरुवात नकाशांपासून करा. महापालिकेतून किंवा मूळ आर्किटेक्टकडून स्ट्रक्चरल ड्रॉइंग मिळवा. ती न मिळाल्यास कव्हरमीटरने (काँक्रीटच्या आतली सळई शोधणाऱ्या यंत्राने) सळया आणि रिंगांमधली अंतरं मोजून घ्यावी लागतील, निदान पार्किंगच्या सगळ्या कॉलमांची. काँक्रीटसाठी नुसत्या रिबाउंड हॅमरवर (पृष्ठभागावर आपटून कडकपणा मोजणाऱ्या हातोडीवर) विसंबू नका. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होतो आणि हॅमर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. सोबत अल्ट्रासॉनिक चाचणी करा आणि काही ठिकाणी कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळीसारखा गोल तुकडा, काढून दाबचाचणी घ्या. सोसायट्यांचं नेहमीचं स्ट्रक्चरल ऑडिट बहुतेक वेळा गळती आणि गंजापुरतं असतं. भूकंपाचा हिशेब हवा असेल तर कामाच्या पत्रात तसं लेखी मागा, नाहीतर तो होणार नाही.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे पार्किंगमधल्या कॉलमांमधल्या काही गाळ्यांत पायापासून वर काँक्रीटच्या भिंती घालणं. त्या लांबी आणि रुंदी अशा दोन्ही दिशांना, शक्यतो समतोल जागी हव्यात. गाड्यांना अडचण नको म्हणून सगळ्या भिंती एकाच कडेला घातल्या तर इमारतीला पीळ बसतो आणि दुसऱ्या कडेचे कॉलम आधी जातात. दुसरा उपाय म्हणजे कॉलमला जॅकेट, म्हणजे भोवती नव्या सळया, रिंगा आणि साधारण १०० मिलिमीटर नवं काँक्रीट. जुना पृष्ठभाग टाचे मारून खरखरीत करावा लागतो. नव्या सळया खाली इमारतीच्या पायात रुजवायच्या आणि वर स्लॅब भेदून पुढच्या मजल्यात न्यायच्या. स्लॅबच्या खाली थांबवलेलं जॅकेट नेमकं फुटण्याच्या जागी संपतं. गंजलेल्या जागी पॉलिमर मॉर्टर लावून रंग दिला तर गंज थांबायला मदत होते, भूकंपाची ताकद वाढत नाही. खर्च सांगताना या दोन गोष्टी एक करून सांगितल्या जात असतील तर प्रश्न विचारा.

हेरातला एकामागून एक सारखेच धक्के कसे आले? पहिल्या धक्क्यानंतर घरात कधी जावं? (छत्रपती संभाजीनगर)

साधारणपणे सर्वांत मोठा नंतरचा धक्का मुख्य धक्क्यापेक्षा १.२ ने लहान असतो. हेरातने तो ठोकताळा मोडला. ७ ऑक्टोबरला सकाळी अर्ध्या तासाच्या अंतराने दोन, मग ११ ला एक आणि १५ ला एक, चारही ६.३ चे. जमिनीतल्या एका तुकड्याने आपला ताण शेजारच्या तुकड्यावर टाकला आणि तोही सरकला. बहुतेक मृत्यू पहिल्याच दिवशी झाले, आणि त्यांत बायका-मुलंच फार होती, कारण ती घरात होती. ११ तारखेपर्यंत लोक उघड्यावर झोपू लागले होते, त्यामुळे तेव्हा मृत्यू अगदी थोडे झाले.

आत जाण्याचा निर्णय दिवस मोजून करू नये, भिंत पाहून करावा. कोपऱ्यात भिंती एकमेकींपासून सुटल्या असतील, दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्या असतील, कॉलमच्या टोकाशी काँक्रीट फुटून सळई दिसत असेल किंवा दार चौकटीत अडकू लागलं असेल, तर इंजिनिअरने पाहीपर्यंत आत झोपू नका. प्लास्टरवरची केसासारखी भेग वेगळी. तिच्या टोकांना पेन्सिलने खूण आणि तारीख घाला आणि ती वाढते का ते पाहा.

आमचं दगड-मातीचं माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर ९३ च्या भूकंपात उभं राहिलं. मोरोक्कोचे फोटो पाहून धास्ती वाटते. पाडून नवं बांधणं परवडत नाही. काही करता येईल? (औसा, जि. लातूर)

करता येईल, आणि तुमची धास्ती रास्त आहे. अॅटलसमधल्या गावांची घरं आणि तुमचं घर यांचा आजार एकच. भिंत दोन-अडीच फूट जाड दिसते, पण ती एक भिंत नसते. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये मातीत टाकलेले बारीक दगड. हादरली की मधला भराव खाली बसतो आणि दोन्ही थरांना बाहेर ढकलतो. भिंतीला पोट येतं आणि ती ढासळते. मोरोक्कोत घर पडल्यावर मातीचा गच्च ढीग झाला, माणसाला श्वास घ्यायला पोकळी उरली नाही. किल्लारीला १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे असंच झालं होतं. एकदा टिकलेली भिंत आतून सुटलेली असू शकते, म्हणून 'तेव्हा राहिलं' यावर भरवसा ठेवू नका.

पहिलं काम छताचं वजन. गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षं पांढरी माती टाकत गेल्याने माळवद फुटा-दोन फुटांचं होतं. माती घनमीटरला १,७०० किलो धरली तर १० बाय १३ फुटांच्या खणावर अर्धा मीटर मातीचं वजन १० टन भरतं. ती साधारण २० सेंटिमीटरपर्यंत उतरवा आणि पाण्यासाठी खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरा. सगळ्या छतावरून सारखी उतरवा. एक बाजू रिकामी, दुसरी भरलेली असं ठेवू नका. किलचण (तुळयांवरचा लाकडी थर) आणि तुळया कुजल्या आहेत का ते याच वेळी कळेल. खांब आणि तुळईच्या कोनात दोन्हीकडे तिरके लाकडी टेकू मारा.

मग भिंतीचे दोन थर एकत्र बांधायचे. साधारण मीटरभर अंतरावर, आडवं आणि उभं, खुणा करा. वरच्या ओळीच्या खुणा खालच्या ओळीच्या मधोमध याव्यात. खुणेचा एक दगड भोवतीची माती काढून हलक्या हाताने सैल करा आणि काढा. सळईने आतली माती-चुरा थोडा थोडा काढत पलीकडच्या थरापर्यंत जा आणि तिकडचाही एक दगड काढा. भोक ७५ मिलिमीटरचं, दोन्ही तोंडांशी रुंद, मध्ये अरुंद. थोडं तिरकं झालं तरी चालतं. घण किंवा ड्रिलचा हॅमर लावू नका, त्याने आतला भराव सुटतो. १:२:४ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट निम्म्यापर्यंत भरा, दोन्ही टोकांना हूक असलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवा, उरलेलं भरा. हूक काँक्रीटमध्ये पूर्ण बुडाले पाहिजेत. दोन्ही तोंडांवर निदान दहा दिवस पाणी मारा. एका दिवसात एकाच भिंतीत जवळजवळची भोकं पाडू नका.

शेवटी दारं-खिडक्यांच्या चौकटींच्या लगेच वर, सगळ्या घराभोवती वेल्डमेशचा (तारांच्या जोडलेल्या जाळीचा) सलग पट्टा, आतून आणि बाहेरून, आरपार तारांनी बांधून, वर १:३ चं सिमेंट प्लास्टर. पट्टा कोपऱ्यावर तुटता कामा नये. कोपरा वळून जोड पुढे सरळ भिंतीवर द्यायचा. आधी पोट आलेली भिंत मात्र अशी शिवून भागत नाही. छताला टेकू देऊन तेवढा भाग उतरवा आणि पुन्हा बांधा. त्यात दर ६० सेंटिमीटर उंचीला, आडवं अंतर सव्वा मीटरच्या आत ठेवून, भिंतीच्या पूर्ण जाडीइतका लांब आरपार दगड घाला.

हे होईपर्यंत झोपण्याची जागा दाराजवळ ठेवा आणि दाराबाहेरचं अंगण मोकळं ठेवा. काँक्रीटच्या इमारतीत हादरा बसला तर धावू नये, भक्कम टेबलाखाली जाऊन त्याचा पाय धरावा. जड छताच्या दगड-मातीच्या घरात तळमजल्यावर दोन पावलांवर उघडी जागा असेल, तर बाहेर निघणं बरं.

मोबाइलवर भूकंपाची सूचना येते म्हणतात. ते भाकीत आहे का? (पणजी)

नाही. ठिकाण, वेळ आणि महत्ता सांगणारं भाकीत आजवर कुणाला जमलेलं नाही. ग्रहांच्या स्थितीवरून येणाऱ्या संदेशांतही ते नसतं. मोबाइलची सूचना भूकंप सुरू झाल्यावर निघते. अँड्रॉइडवर ही सोय भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आली. अनेक फोनमधले कंपनमापक एकाच भागात पहिली लाट टिपतात आणि सूचना त्या लाटेपेक्षा वेगाने पुढे जाते. पहिली लाट सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते, नुकसान करणारी साडेतीन. १०० किलोमीटरवर असाल तर दोन्हींत बारा सेकंदांचं अंतर पडतं, त्यातले काही हिशेबात जातात. २० किलोमीटरवर अंतर अडीच सेकंदांपेक्षाही कमी, म्हणजे सूचना हादऱ्याबरोबर किंवा नंतरच पोचेल. सेटिंग्जमध्ये सुरक्षा आणि आणीबाणी या विभागात भूकंप सूचना चालू आहे का ते पाहा. त्यासाठी लोकेशन आणि इंटरनेट दोन्ही चालू लागतात.