जर्मनीत मशीन लर्निंग करायचंय? मग रँकिंग बाजूला ठेवा

तुम्ही विचारलंय, की कॉम्प्युटर इंजिनिअरिंग झालंय, बॅकएंडचा (सर्व्हर-डेटाबेसच्या बाजूच्या कामाचा) थोडा अनुभव आहे, मशीन लर्निंगचे (एमएल) ऑनलाइन कोर्स केलेत. तर जर्मनीत मास्टर्सला यावं की थेट नोकरी शोधावी, आणि तिशीत पीएचडी करण्यात काही अर्थ आहे का.

थेट नोकरी मिळू शकेल, पण ती बहुधा बॅकएंडचीच. एमएल करायचं असेल तर मास्टर्सला या, आणि रँकिंगऐवजी लॅब बघा. ट्युबिंगेन तसं छोटं गाव, पण तिथे विद्यापीठात मशीन लर्निंगचा इंग्रजी मास्टर्स आहे आणि इंटेलिजंट सिस्टिम्सची माक्स प्लांक संस्थाही तिथेच आहे. सारब्रुकेनला इन्फॉर्मेटिक्सची माक्स प्लांक संस्था आणि १९८८ साली सुरू झालेलं डीएफकेआय, म्हणजे जर्मनीचं कृत्रिम बुद्धिमत्ता संशोधन केंद्र. लॅब हाकेच्या अंतरावर असली की 'हिवी', म्हणजे विद्यार्थी साहाय्यकाचं काम मिळायची शक्यता वाढते. महिन्याला चार पैसे सुटतात ते वेगळंच. खरा फायदा हा की पुढे थीसिस आणि शिफारसपत्र बऱ्याचदा त्याच ओळखीतून मिळतं.

खर्चाचं म्हणाल, तर ट्युबिंगेन ज्या राज्यात आहे तिथे युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (आकडा बदलतो, अर्जाआधी तपासा). एपीएस सर्टिफिकेटच्या, म्हणजे तुमची भारतातली पदवी-कागदपत्रं तपासल्याच्या दाखल्याच्या, मागे आत्ताच लागा. त्यावाचून पुढचं सगळं अडतं.

आता रेझ्युमे. मुलाखती घेताना मी एकाच प्रश्नावर अडून बसतो: टेस्टचा, म्हणजे मॉडेल शिकल्यावर त्याची परीक्षा घ्यायचा डेटा वेगळा कसा केला? 'एक्स-रेवरून न्यूमोनिया, अचूकता ९८ टक्के' असं पुष्कळांचं असतं. खोदून विचारलं की कळतं, सगळे फोटो एकत्र पिसून वाटलेत. एकाच रुग्णाचा एक एक्स-रे ट्रेनिंगमध्ये, दुसरा टेस्टमध्ये. मॉडेल रोगाऐवजी रुग्णच ओळखायला शिकलेलं असतं! रुग्णानुसार वाटणी केली की आकडा घसरतो. तो घसरलेला आकडा जो आपणहून सांगतो, त्याच्याशी पुढे बोलावंसं वाटतं. बॅकएंडचा अनुभवही ठळक लिहा. नोटबुकात, म्हणजे प्रयोगापुरत्या कोडमध्ये, बनवलेलं मॉडेल रोज नव्या डेटावर न कोसळता चालवणारी माणसं सहजी मिळत नाहीत.

भाषेबद्दल लोक उगाच दिलासा देतात. लॅबमध्ये इंग्रजीवर भागतं, पण मोठी शहरं सोडली की कंपन्यांत जर्मन लागतेच. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर) बी१ म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा परवाना मागता येतो, नाहीतर २७.

पीएचडी इथे बहुतेक वेळा रीतसर नोकरीच असते: पगार, आरोग्य विमा, पेन्शन. जाहिरातीत 'टीव्ही-एल ई१३' (सरकारी वेतनश्रेणी) च्या पुढची टक्केवारी, म्हणजे पूर्ण पगाराचा किती हिस्सा मिळणार ते, आधी वाचा. कॉम्प्युटर सायन्समध्ये बहुधा १०० टक्के देतात. कुठे ६५ दिसली तर पगार तेवढाच, काम मात्र पूर्ण, असं समजून चाला. करार मुदतीचे असतात. विद्यापीठांत असे करार पीएचडीपर्यंत साधारण ६ वर्षं आणि नंतर आणखी ६ वर्षंच देता येतात, त्यामुळे प्रोफेसरकी मनात धरून येणाऱ्यांची पुढे फार ओढाताण होते. रिसर्च सायंटिस्ट व्हायचं असेल तर पीएचडी जवळजवळ अटळ, एमएल इंजिनिअर व्हायला नाही. वयाचं इथे कुणी विचारत नाही. तिशीत सुरुवात करणारे लॅबमध्ये सर्रास दिसतात.