आधी सांडपाण्याचं बघा, नळाचं नंतर

तुमचा प्रश्न असा: समुद्रकाठच्या रेवदंड्याच्या घराच्या अंगणात सहा फुटी बार काउंटर करायचाय, तिथवर पाण्याची लाइन नाही, फरशी फोडायची नाही, तर पोर्टेबल सिंक चालेल का आणि पंप कोणता घ्यावा?

चालेल. आमच्याकडे चार वर्षं चाललंय. पण पंपापासून सुरुवात केलीत तर माझ्यासारखीच फजिती होईल. मी छान गूजनेक (उंच, बाकदार मानेचा) नळ आणला, २० लिटरचा जार आणला आणि खाली सांडपाण्याला घरात पडून असलेला १५ लिटरचा कॅन लावला. कोजागिरीला पंचवीस माणसं आणि मसाला दुधाचे ग्लास! दूध तुपकट, एका विसळण्यात निघत नाही. दुसरा जार लावला तेव्हा कॅन केव्हाच भरून वाहत होता आणि पाणी खाली ठेवलेल्या एक्स्टेंशन बोर्डापर्यंत पोचलं होतं. नशिबाने कोणीतरी चप्पल शोधायला वाकलं म्हणून दिसलं.

तेव्हा पहिला नियम: सांडपाण्याचा कॅन स्वच्छ पाण्याच्या जारपेक्षा मोठा हवा, दीडपट तरी. सिंकमध्ये नुसतं नळाचं पाणी जात नाही. वितळलेला बर्फ, उरलेलं सरबत, कोणी ओतलेली अर्धी बिअर, सगळं तिथेच. वीसला तीस धरा. पण भरलेला तीसचा कॅन म्हणजे तीस किलो, तो एकट्याने उचलून ओतायचा नाही. तळाशी तोटी बसवून घ्या, बागेचा पाइप जोडा आणि पाणी केळीच्या किंवा अळवाच्या आळ्यात सोडा. आपल्याकडे मोरीचं पाणी पूर्वीपासून तिथेच जातं. मात्र साबण बेताचा.

दुसरी गंमत अशी की वेस्ट पाइप कॅनच्या तोंडात घट्ट बसवला तर पाणी उतरतच नाही. आतली हवा जाणार कुठे? सिंक तुंबलं म्हणून मी बॉटल ट्रॅप (सिंकखालचा, वास अडवणारा बाटलीसारखा भाग) दोनदा उघडला. शेवटी झाकणाला बोटभर भोक पाडलं आणि भसकन खाली गेलं. भोकावर मच्छरजाळी लावा आणि कॅन रोज रिकामा करा, नाहीतर वास येतो आणि डासही होतात.

आता पंप. बारा व्होल्टचा छोटा डायफ्राम पंप (आतला रबरी पडदा हलवून पाणी ओढणारा), प्रेशर स्विचवाला, म्हणजे नळ बंद केला की आपोआप थांबतो. इन्व्हर्टरवाल्याकडची ७ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) बॅटरी एका संध्याकाळीला पुरते. बॅटरीवर चालतो म्हणून ओल्या हाताजवळ २३० व्होल्ट आणावे लागत नाहीत, हा मोठा फायदा. पण मिनिटाला चार लिटरचा पंप असेल तर नळ सोडून गप्पा मारल्यात की जार पाच मिनिटांत खलास.

खरं सांगू? पहिला सीझन पंप घेऊच नका. लग्नाच्या पंगतीत हात धुवायला तोटीचं स्टीलचं पिंप ठेवतात ना, तेच काउंटरच्या कडेला सिंकवर धार पडेल असं ठेवा. धार बारीक येते, पण ग्लास विसळायला तेवढीच लागते, आणि पाण्याचा खर्च निम्म्यावर येतो. दिसायला जरा मंगल कार्यालयासारखं दिसतं, एवढंच.

काउंटरला चाकं लावणार असाल तर ग्रॅनाइट विसरा. सहा बाय दोनचा १८ मिलिमीटरचा तुकडा पन्नास किलोच्या वर जातो, आणि चिऱ्याच्या अंगणात चाकं तशीही अडतात. कडप्पा स्वस्त आहे, पण तो चुनखडीचा दगड. लिंबाच्या रसाने पांढुरके डाग पडतात आणि बारवर लिंबू कुठे चुकतंय! मी आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय (ओल सोसणारं प्लायवूड) वापरला, वर स्टीलचा पत्रा. सिंकसाठी कापलेल्या भोकाची उघडी कड इपॉक्सीने नीट बुजवा, प्लाय फुगायला सुरुवात तिथूनच होते. कापलेला तुकडा टाकू नका, त्याचं सिंकवरचं झाकण होतं.

पाहुण्यांच्या बाजूची उंची ४२ इंच, तुमच्या बाजूची ३६. सिंक आणि स्क्रू दोन्ही ३०४ स्टीलचे (स्टेनलेसची कमी गंजणारी जात) घ्या. स्वस्तातलं २०२ समुद्राच्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात तांबूस पडतं. ३०४ वरही डाग येतात, पण पुसले की जातात. एमएस (साध्या लोखंडाच्या) फ्रेमच्या भानगडीत पडू नका, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप घ्या.

जूनच्या आधी पंप आणि बॅटरी घरात, बाकी ताडपत्रीखाली. पण ताडपत्री जमिनीपर्यंत सोडू नका, आत बुरशी धरते.

आणि सिंकची जाळी दोन घ्या. एक लिंबाच्या सालींबरोबर कचऱ्यात जातेच.